लाकडाची गोधडी

लिही श्रेया, पहिलं नाव सांडूभावजीचं लिही. सांडू म्हणजे तुझ्या आजोबाचा चुलतभाऊ, माझा दीर. बुटका, काळासावळा, बोलायला कंजूस. चार माणसांत उभा केला तर तू त्याला वळखायची बी नाय. पण आपल्या वस्तीतली कितीतरी माणसं ह्या जगात पहिलं रडू रडली ना, तवा हा माणूस त्यांच्याकडं पाठ करून उभा व्हता. पाठ करून काहून, ते सांगते. दम धर. पेन चालतंय ना तुझं?

मी नवी नवरी व्हते तवाची गोष्ट. पैठणच्या धरणाचं काम उरकत आलं व्हतं. तिथं एका कंत्राटदाराच्या गाडीवर सांडूभावजी क्लिनर व्हता. गाडी कशी, तर जुनी इलायती पिकअप. पुढून बैलाच्या वशिंडासारखी फुगीर, डोळे बटबटीत, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. काम संपता संपता तिचं इंजिन बसलं. कंत्राटदार म्हणला, "हे धूड आता कुठं वढत नेऊ? सांडू, तुला नेता येत असंल तर ने बाबा."

त्याला वाटलं, हा हसंल आन सोडून देईल. ह्यानं काय केलं, गावात आला, भावकीतल्या बैलजोड्या मागितल्या, आन नेऊन गाडीला जुपल्या!

आम्ही बाया विहिरीवर व्हतो. लांबून धुराळा उठलेला दिसला. आधी शिंगं दिसली, मंग घुंगराचा आवाज आला, आन त्या बैलांच्या मागं हे लोखंडाचं जनावर, मुकाट, सावकाश, येऊ लागलं. आत चाक धरून सांडूभावजी बसलेला, ताठ, नवरदेवावानी. माझ्या हातातला दोर सुटला, बादली गेली विहिरीत. माझ्या सासूबाई म्हणल्या, "पुढं बी बैल, मागं बी बैलच. हा तर नंदी आला गं बाई!" तवापासून त्या गाडीचं नाव नंदी.

किती तरी दिवस नंदी लिंबाखाली नुसता उभा. कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. भावजी त्याचे भाग सुटे करून पोत्यात भरायचा, शहरात शहागंजाकडं मिस्त्र्यांच्या दुकानापुढं जाऊन बसायचा, बघायचा, परत यायचा. लोक म्हणायचे, "सांड्याला येड लागलंय." आन एक दिवस सकाळच्या पारी नंदी खोकला. खोकला म्हणजे काय, सगळ्या कोंबड्या पत्र्यावर! सासूबाईनं भाकर तव्यावरच सोडली आन कुंकवाचा करंडा घेऊन पळाल्या. भाकर जळून कोळसा झाली, पण त्या दिवशी कुणी कुणाला बोल लावला नाय.

तवा गावातून चितेगावच्या सडकेपर्यंत नुसती गाडवाट. बाई अडली की बैलगाडीत घालायची आन देवाचं नाव घ्यायचं. नंदी चालू झाला तसं लोक भावजीचं दार वाजवायला लागले. मी काय सुईण नव्हते, पण धीराची व्हते, म्हणून बाया मला संगं न्यायच्या. हौद्यात कडबा पसरायचा, त्यावर गोधडी, गोधडीवर बाई, आन चला औरंगाबादला, घाटीच्या सरकारी दवाखान्यात. तवा औरंगाबादच म्हणायचो आम्ही.

सगळ्याच काय घाटीपर्यंत पोचायच्या नाय. वाटेतच वेळ आली तर मी पत्र्यावर थाप मारायची. भावजी गाडी झाडाखाली घ्यायचा. इंजिन बंद. डोक्याचा रुमाल सोडून हौद्याच्या मागच्या फाळक्याला बांधायचा, आडोसा म्हणून. आन बॉनेटच्या पुढं जाऊन उभा राहायचा, आमच्याकडं पाठ करून, हात जोडून. ऊन असो, पाऊस असो, तसाच. लेकराचं रडू कानावर पडलं की मगच तोंड उघडायचा. "आलं का, वहिनी?" बस, एवढंच. पोरगा का पोरगी, ते त्यानं आजपर्यंत कुणाचं इचारलं नाय.

त्याची भागूबाई, म्हणजे माझी जाऊ, ती बी तशीच वाटेत मोकळी झाली, राजेंद्रच्या वेळेला. त्या दिवशी बॉनेटपुढं उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्या लटलट कापत व्हत्या. म्या बघितल्या. तरी तो वळला नाय.

नंतर हौदा धुवायचा, आन लेकरू जिथं जलमलं त्या फळीला हळदकुंकू लावायचा. त्यातूनच रीत पडली बघ आपल्या गावात. सव्वा महिना झाला की बाळंतीण लेकरू घेऊन गावात येती ती नंदीत बसून. आता सडक झाली, एकशे आठची गाडी फोनवर येती, घरोघर मोटारी झाल्या. तरी रीत सुटली नाय. दवाखान्यात जायला कायबी चालतं, घरी यायला नंदी. तू बी तशीच आलीस. आन तवा बी भावजी मागं बघायचा नाय. समोरचा आरसा उलटा फिरवून ठेवायचा. म्हणायचा, "मागं बाई बसलीय लेकरू घेऊन. आपण बघायचं नसतं. आपण वाट बघायची, खड्डा चुकवायचा."

आता खरं सांगायचं ते सांगते.

गेल्या साली मक्याचा चारा भरताना भावजी हौद्यात चढला, पेंढी ठेवली, आन कडाड! फळी मोडली आन त्याचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. एक पाय वर, एक पाय खाली, मधी हा लटकलेला. आम्ही धावलो. भागूबाई घाबरली, पण जीभ कुठं घाबरती तिची? "अवं, घोड्यावर बसायची हौस राहिली व्हती का?" असं म्हणती आन डोळे पुसती. मांडी सोलून निघाली व्हती. भावजी मांडीकडं बघंना. मोडलेल्या फळीचा भुगा हातात घेऊन बघत बसला. बोटांनी दाबला की पीठ.

दुसऱ्या दिवशी राजेंद्र शहरातून, गारखेड्याहून आला. त्याचं तिकडं मोठं सायकलचं दुकान हाय, वर फ्लॅट हाय. आला तो तावातच.

"बाबा, तुमचं वय काय, ह्या गाडीचं वय काय! बायपासला एक हॉटेलवाला हाय माझ्या वळखीचा. त्याला दारात उभी करायला जुनी गाडी पाहिजे. रंग देईल, लायटी लावील, लोक फोटो काढतील. झकास राहील गाडी."

"आन हौद्यात?" भावजीनं इचारलं.

"हौद्यात फुलांच्या कुंड्या ठेवतेत ते."

"कुंड्या," भावजी म्हणला. मंग म्हणला, "तनुजाचं लेकरू नंदीतून येईल गावात. त्याच्या नंतर तुला न्यायचं तिकडं ने."

तनुजा म्हणजे राजेंद्रची पोरगी. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गारखेड्याला आलेली, दिवस भरत आलेले. भावजीचं पहिलं पतवंड यायचं व्हतं.

राजेंद्र म्हणला, "ह्या चाळणीत माझी पोरगी बसणार नाय, बाबा. तिचा सव्वा महिना व्हईपर्यंत हौदा धड झाला तर बघू. नाय झाला तर हॉटेलवाला गाडी नेणार. मंग मला बोल लावायचा नाय."

"नाय लावणार," भावजी म्हणला.

सगळ्या गावाची लेकरं ज्यानं आणली, त्याच्या घरचंच लेकरू मोटारीतून यायचं, आन नंदीनं हॉटेलच्या दारात कुंड्या डोक्यावर घेऊन बसायचं!

बद्रीनाथ सुताराला बोलावलं. लई चांगला सुतार, पण रंध्यापेक्षा जीभ जास्त चालती त्याची. तो आला, कंबरेवर हात ठेवून म्हणला, "सांडूनाना, हे तर उकरूनच काढावं लागतंय." आन पहारीनं एकेक फळी उचकटायला लागला. बोल्ट गंजून फळीला चिकटलेले, करकर आवाज. पहिली फळी उठली आन बद्रीनाथची जीभ थांबली. म्हणला, "काकू, इकडं या. हे बघा."

मी वाकून बघितलं. श्रेया, काय सांगू तुला! फळ्यांच्या खाली, लोखंडाच्या आडव्या पट्ट्यांवर, इतक्या सालाची माती साचून घट्ट थर झाला व्हता. आन त्या मातीत बांगड्यांच्या काचा. हिरव्या, लाल, मोरपंखी, चमकायलेल्या. बायांनी कळा देताना हात आपटलेले, त्या बांगड्या. कापसाची सरकी. जवारीचे दाणे. हळकुंडाचा तुकडा. काजळाची डबी. दूध पाजायचं छोटं पितळी बोंडलं. आन एका कोपऱ्यात, अंधारात, लिंबाचं एक रोप उगवलेलं, पांढरंफटक, दोन पानाचं, फटीतून येणाऱ्या उजेडाकडं मान करून. मी आपोआप हात जोडले. वर आपण बसायचो, कण्हायचो, हसायचो, आन ह्यानं खाली सगळं जपून ठेवलेलं!

मातीत एक चांदीचं जोडवं बी सापडलं. ते कळल्यावर काय इचारू नको. निशाची आई आली, "माझंच हे, निशाच्या वेळेला गेलं व्हतं." निशा म्हणजे आपली एसटीत कंडक्टर हाय ती, चितेगावच्या अलीकडं जलमली, हौद्यातच. तवर चाँदभाईची बायको आली, "नै नै, ये तो मेरा है." भागूबाई म्हणली, "दोघी बी खोटं बोलता, माझं हाय." मंग तिघींनी घालून बघितलं. एकीच्या बी बोटात जाईना! वयानं बोटं फुगलेली. तिघी आपापल्या पायाकडं बघून अशा हसल्या, अशा हसल्या की निशाची आई खालीच बसली. भावजी म्हणला, "जिचं असंल तिचं. राहू द्या नंदीतच." आन जोडवं, काचा, बोंडलं, सगळं त्यानं एका कापडात बांधून ठेवलं. लिंबाचं रोप काढून दारात लावलं.

बद्रीनाथ म्हणला, "नाना, आता वखारीतून एकसारख्या फळ्या आणतो. दोन दिसात हौदा चकाचक."

भावजी मोकळ्या सांगाड्याकडं बघत व्हता. म्हणला, "वखारीतल्या लाकडाला आपली काय वळख?"

आन उठला. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या दारात जाऊन मागितलं ते फक्त बैल मागितले, तो आता घरोघर गेला. ज्या ज्या घरचं लेकरू नंदीत जलमलं त्या त्या घरी. दारात उभा राहायचा आन एकच बोलायचा, "नंदीला एक फळी द्या." काहून, कशाला, कुणी इचारलं नाय बाई. लोक आत जायचे आन शोधायला लागायचे.

भावकीतल्या कारभारीनं त्याच्या बापाच्या बैलगाडीची साटी, म्हणजे बसायचा तळ, मोडून बाभळीची फळी दिली, अशी लाल, अशी कठीण की खिळा वाकावा. चाँदभाई, त्याचा बाप पिंजारी व्हता, तो ज्या तख्तावर बसून कापूस पिंजायचा ती शिसवीची फळी चाँदभाईनं खांद्यावर आणली. "सांडूभाई, अब्बा के तख्ते की है. अब इसपे बच्चे बैठेंगे, और क्या चाहिए," म्हणला. निशाच्या आईनं धान्याच्या कोठीचं झाकण दिलं, त्याला अजून जवारीचा वास. नानासाहेबांनी, त्यांचा बंगला हाय ना वरच्या अंगाला, झोपाळ्याची सागवानी फळी पाठवली आन मागून स्वतः आले. "ही मधोमध बसवा बरं का. बर्मा सागवान हाय."

भागूबाई म्हणली, "नानासाहेब, मधी बाळंतिणी बसतेत. तुम्ही आपले कडंलाच बरे." नानासाहेबांना बी हसू आवरंना.

मी काय दिलं? माझ्या घडवंचीची फळी. सासूबाईच्या आधीपासूनची. हंडे ठेवून ठेवून तिच्यावर गोल गोल डाग पडलेत, चंद्रासारखे. आता घरात नळ आला, फिल्टर आला, घडवंची कोपऱ्यात उभी व्हती. मी दिली, पण देताना तिच्यावरून हात फिरवला.

सगळ्या फळ्या लिंबाखाली मांडल्या. लोक यायचे, बघायचे, वाकून हात लावायचे. "ही कोणाची? ही पाळण्याची का? ही वाड्याच्या माळ्याची?" हळू आवाजात, देवळात बोलावं तसं.

बद्रीनाथनं मात्र कपाळ धरलं. "नाना, ही काय भेळ हाय का? एक जाड, एक बारीक, एक वाकडी. बाभूळ एका तऱ्हेनं आटती, साग एका तऱ्हेनं. ह्यांचा संसार व्हायचा नाय." पण गावचा सुतार, गाडीची साटी ठोकायची तेवढंच जाणतो. त्यानं बैलगाडीला ठोकतेत तशा फळ्या एकीला एक घट्ट भिडवून खिळ्यांनी ठोकल्या. वरून रंध्यानं तासायला गेला, तर नानासाहेबांची फळी भराभर तासली जाई आन कारभारीची फळी रंध्याचं पातं मोडून बसली.

तिकडं तनुजाला पोरगी झाली. फोन आला. भागूबाईनं साखर वाटली. भावजी साखर खाता खाता नंदीकडं बघत व्हता. आता दिवस धावायला लागले.

भावजीनं चाचणी घ्यायची ठरवली. हौद्यात काठोकाठ भरलेला हंडा ठेवला. "पाणी सांडलं नाय तर लेकरू बसंल," म्हणला. राजेंद्र त्या दिवशी गावातच व्हता, पेढे घेऊन आलेला. नंदी निघाला. निघाला तसा हौदा वाजायला लागला, भजनात दहा जण दहा तालात टाळ वाजवतेत तसा. शिवंपर्यंत बी गेला नाय. मधल्या पावसानं फुगलेली बाभळीची फळी टाण् करून एका टोकानं उभी राहिली, हंडा कलंडला, गडगडत फाळक्याला येऊन आदळला.

भावजी खाली उतरला. पाणी फळ्यांच्या फटीतून गळायलेलं बघत राहिला. त्याचं तोंड मला बघवंना.

राजेंद्र बापावर ओरडला नाय. खाली बघून एवढंच म्हणला, "बाबा, हंड्याच्या जागी माझी नात असती." आन मोटारीत बसून निघून गेला. त्याचं बी काय चुकलं?

दोन दिवस नंदीला कुणी हात लावला नाय. बद्रीनाथ ओट्यावर बिडी वढत बसलेला. भागूबाई त्याच्या बाजूला पणतीसाठी गोधडी शिवायली. गोधडी कशाची, तर जुनं धोतर, इरकल लुगड्याचा तुकडा, माझी एक साडी, राजेंद्रचा लहानपणचा सदरा. ती सुई चालवता चालवता म्हणली, "बद्री, इकडं सरक. हे धोतर कसं, पातळ. हे इरकल कसं, जाड. म्या काय इरकल तासत बसले का?"

"मंग?"

"धोतराच्या खाली अस्तर घातलं. वरून हात फिरव."

बद्रीनाथनं हात फिरवला. परत फिरवला.

"आन हे टाके बघ. लांब लांब, ढिले. आवळून घातले की गोधडी आखडती, मधी फुगे येतेत. कापडाला हलायला जागा ठेवावी लागती, बाबा. माणसाला बी."

बद्रीनाथची बिडी विझली तरी तो वढतच व्हता. मंग उठला, नंदीकडं गेला, आन सगळे खिळे काढायला लागला. सगळे! भावजी धावत आला, "काय करायलास रे?"

"नाना, तुमची बायको माझी मास्तरीण झाली. जुन्या टायरच्या ट्यूबा आणा."

मंग काय काम केलं म्हणतीस त्यानं! वरून एक बी फळी तासली नाय. बारीक फळीच्या खाली लाकडाची पट्टी, तिच्याखाली ट्यूबचं रबर, म्हणजे वरून सगळ्या एका पातळीत. दोन फळ्यांच्या मधी नखाएवढी फट सोडली, फुगली तर फुगू दे. फटीवर लोखंडी पट्टी, पट्टीला बोल्ट, ना लई आवळून, ना लई सैल. सगळं बांधायच्या आधी भावजीनं ते कापडातलं गाठोडं, जोडवं, काचा, बोंडलं, परत खालच्या लोखंडावर ठेवलं.

शेवटाला आम्ही बायांनी जवसाचं तेल चोळलं. आन तेल लागलं तशी लाकडं जागी झाली, श्रेया! शिसवी काळीभोर, सागवान मधासारखं, बाभूळ रगतासारखी लाल, कोठीचं झाकण पिवळं, आन माझ्या घडवंचीवरचे चंद्र असे वर आले जसे पाण्यावर येतेत. ऊन पडलं व्हतं त्यावर. सगळं गाव एका हौद्यात निजलंय असं वाटायलं. तेल चोळायला वर चढताना एकेक बाईनं चपला खाली काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. नानासाहेब बघायला आले, त्यांनी बी बूट काढले.

पण फाळक्याजवळ एका फळीची जागा रिकामी ठेवली व्हती. बद्रीनाथ म्हणला, "नाना, ही?"

"ती राजूची."

राजेंद्र आला तो हॉटेलवाल्याच्या माणसाला घेऊनच. तो माणूस मोबाईलवर फोटो काढायला लागला. राजेंद्र हौद्याजवळ आला. बघत राहिला. एकेका फळीवर बोट ठेवून म्हणायला लागला, "ही चाँदचाचाची... ही कारभारीकाकाची..." मंग रिकाम्या जागेपाशी थांबला. "हितं काय?"

"तुझी फळी," भावजी म्हणला. "तू बी ह्यातच जलमला की. प्रत्येक घरची हाय. तुझ्या घरची नाय."

"बाबा, माझ्या घरात लाकूड कुठं हाय? सगळं प्लाय आन काच."

"मंग राहू दे मोकळी," भावजी म्हणला. रागानं नाय. खरंच त्याला चाललं असतं.

राजेंद्र त्या माणसाला घेऊन परत गेला. आम्ही समजलो, संपलं.

सव्वा महिना झाला त्या दिवशी भावजीनं सकाळीच नंदी पुसून ठेवला. न्यायचा का नाय, कुणाला फोन करावा का नाय, त्याला समजंना. तवर राजेंद्रची मोटार आली. वर टपावर दोरीनं बांधलेली एक फळी! गारखेड्यात त्यानं पहिली टपरी टाकली व्हती ना सायकलची, तिच्या पुढच्या फळ्यांतली एक. रंग उडालेला, त्यावर नुसतं 'सायक' एवढंच राहिलेलं. म्हणला, "माळ्यावर सापडली. बायको म्हणायली फेकून द्या. चालती का?"

बद्रीनाथनं हातात घेतली, वाजवून बघितली. "लिंबाची हाय. चालती. पण बारीक हाय, अस्तर घालावं लागंल."

बसवली. हंडा भरून ठेवला. राजेंद्र स्वतः हौद्यात उभा राहिला, शिवंपर्यंत जाऊन आले. परत आले तवा हंड्याच्या काठावर पाणी थरथरत व्हतं, पण खाली एक थेंब नाय. राजेंद्र वाकून त्या पाण्याकडंच बघत बसलेला.

मंग आम्ही गारखेड्याला गेलो, तनुजाला आणायला. पैठण रोडवर नंदी बैलाच्या चालीनं चाललेला, मागून कंपन्यांचे ट्रक, मोटारी. पहिले हॉर्न वाजवायचे, मंग बाजूनं जाताना हौद्यात बघायचे, आन त्यांचा बी हॉर्न बंद व्हायचा. आत भागूबाईची गोधडी, गोधडीवर तनुजा, तिच्या मांडीवर पोरगी. मी माझ्या चंद्रावर बसले व्हते. राजेंद्र 'सायक' वर. त्याचा फोन खिशात दोनदा वाजला. त्यानं काढून बघितला, बंद केला, आन मला म्हणला, "काकू, हॉटेलवाला हाय. त्याला कुंड्यांसाठी दुसरं कायतरी बघावं लागंल."

गावाची शिव आली. बाया भाकरतुकडा घेऊन उभ्या व्हत्या, ओवाळायला. आन तेवढ्यात पोरगी रडायला लागली. अशी रडली की बास, पहिल्यांदा रडतेत तशी.

नंदी थांबला. इंजिन बंद. दार उघडल्याचा आवाज आला. भावजी उतरला, सावकाश पुढं गेला, आन बॉनेटपुढं उभा राहिला. आमच्याकडं पाठ, हात जोडलेले. बाया तशाच, हातात ताट धरून. इतक्या सालाची सवय ती, रडू ऐकलं की पाय आपोआप तिथं गेले असतील. का जाणूनबुजून गेला, मला माहीत नाय. त्याच्या पोटऱ्या कापत व्हत्या, तशाच.

"आलं का, वहिनी?" त्यानं इचारलं.

मी तोंड उघडायच्या आतच राजेंद्र उठून उभा राहिला, आपल्या फळीवर. म्हणला, "आलं, बाबा. वळा. आता वळलं तर चालतं."

भावजी वळला. फाळक्याशी आला. ज्या हौद्यात बाई लेकरू घेऊन बसली की त्यानं आयुष्यात कधी डोळा टाकला नाय, त्यात त्यानं बघितलं. पोरीला हात लावला नाय. चष्मा काढला, पुसला, परत घातला, आन बघत राहिला. पोरगी रडायची थांबली. ती बी बघायली.

"एवढीशी असतेत व्हय लेकरं?" तो म्हणला.